शिडी आणि तराजू : मराठीतील तुलनेचा व्याकरणेतिहास

मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकलेल्या माणसाला ‘डिग्रीज ऑफ कंपॅरिझन’ हा धडा सहसा विसरता येत नाही. पॉझिटिव्ह, कंपॅरेटिव्ह आणि सुपरलेटिव्ह अशा तीन पायऱ्या, त्यांखाली विशेषणांचे तीन रकान्यांचे तक्ते, आणि परीक्षेत हमखास येणारा ‘डिग्री बदला’ हा प्रश्न. नागपूरच्या विद्यार्थ्यासाठी त्याचे उदाहरण असे बेतता येईल : विदर्भात नागपूरइतके मोठे दुसरे शहर नाही, विदर्भातील इतर कोणत्याही शहरापेक्षा नागपूर मोठे आहे, नागपूर हे विदर्भातील शहरांत सर्वांत मोठे आहे. इंग्रजीत हीच तीन वाक्ये करताना विशेषण तीनदा रूप पालटते : बिग, बिगर, बिगेस्ट. मराठीत ते तिन्ही वेळा ‘मोठे’ हेच राहते. बदलतात ते ‘इतके’, ‘पेक्षा’ आणि ‘सर्वांत’ हे शब्द, आणि ते ज्याच्याशी तुलना करायची त्या बाजूला जाऊन बसतात.

ही गोष्ट इतकी डोळ्यांसमोरची आहे की तिच्याकडे लक्ष जात नाही. परंतु मराठी व्याकरणाचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास, आपल्या विद्यार्थ्यांच्या इंग्रजीतील काही ठरावीक चुका आणि आजच्या मराठी समीक्षेची एक सवय या तिन्हींचे धागे येथे गुंतलेले आहेत, असे आम्हांस वाटते. ते उलगडून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम त्या तीन पायऱ्यांविषयी. ‘डिग्री’ या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील ‘ग्रादुस’ म्हणजे पायरी हा शब्द आहे. गुण ही एक शिडी, आणि विशेषण त्या शिडीवर एकेक पायरी चढते, अशी ही कल्पना. लॅटिन विशेषणाला ती शोभते, कारण ते खरोखरच प्रत्यय घेऊन तीन रूपे धारण करते. इंग्रजीची व्याकरणे लॅटिनच्या साच्यावर रचली गेली तेव्हा हा साचाही त्यांत आला. रॉबर्ट लोथ यांचे व्याकरण १७६२ मध्ये निघाले, आणि त्याच परंपरेत लिंडली मरे यांचे ‘इंग्लिश ग्रामर’ १७९५ मध्ये. मरे हे मूळचे अमेरिकेतील क्वेकर गृहस्थ. यॉर्क येथे स्थायिक झाल्यावर तेथील मुलींच्या शाळेसाठी त्यांनी हे पुस्तक लिहिले. पुढे अर्धशतकभर इंग्रजी शिकविले जाई तेथे तेथे हे पुस्तक पोहोचले, आणि त्यात मुंबईही होती.

युरोपीय साच्यातून आपल्या भाषांकडे पाहणे मात्र त्याआधीच सुरू झाले होते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये गोव्यात रायतूर येथे छापले गेले. पोर्तुगीज भाषेतून लिहिलेले मराठीचे एक व्याकरण १७७८ मध्ये रोम येथे निघाले. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपुरास, आणि स्टीव्हन्सन यांचे १८३३ मध्ये मुंबईस. हे सारे परक्यांनी परक्यांसाठी लिहिलेले ग्रंथ होते. मराठी माणसाने मराठी मुलांसाठी मराठीत लिहिलेले आणि दीर्घकाळ वापरात राहिलेले व्याकरण म्हणजे दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’. ते १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. दादोबांचा जन्म १८१४ चा, म्हणजे तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. त्यांच्यापुढे मरे यांचा नमुना होता, हे मराठी व्याकरणाच्या अभ्यासकांनी वारंवार नोंदविले आहे. मरे यांनी इंग्रजीच्या नऊ शब्दजाती मानल्या होत्या. मराठीला न लागणारे ‘आर्टिकल’ वजा केले की आठ उरतात; मराठी शाळांत पिढ्यान्‌पिढ्या घोकल्या गेलेल्या शब्दजातीही आठच आहेत.

या तारखांच्या शेजारी आणखी एक तारीख ठेवावयास हवी. मेकॉलेचे शिक्षणविषयक टिपण २ फेब्रुवारी १८३५ चे आहे. त्यातील सर्वांत गाजलेले विधान हे तुलनेचेच विधान होते. एखाद्या चांगल्या युरोपीय ग्रंथालयाचे एक फडताळ एका पारड्यात घातले आणि भारत व अरबस्तान यांचे सगळे वाङ्मय दुसऱ्या पारड्यात, तरी पहिले जड भरेल, अशा आशयाचे ते होते. आपल्याला संस्कृत वा अरबी येत नाही, अशी कबुली त्याच टिपणात आहे. म्हणजे तोलणाऱ्याने एका पारड्यातला माल स्वतः पाहिलेलाच नव्हता. असे असताना निकाल मात्र लागला, आणि त्या निकालावर पुढच्या शंभर वर्षांची शिक्षणव्यवस्था उभी राहिली. यानंतर वर्षभरातच एक बावीस वर्षांचा तरुण मराठीलाही इंग्रजीसारखेच नियमबद्ध व्याकरण आहे हे दाखवू पाहतो, यामागची निकड आपण समजून घेतली पाहिजे. इंग्रजीच्या मापात बसणे हीच त्या काळी भाषेची प्रतिष्ठा होती. दादोबांवर कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी केलेली टीका, १८६७ मधील कृष्णशास्त्री गोडबोले यांचे ‘मराठी भाषेचे नवीन व्याकरण’, स्वतः दादोबांनी पुढील आवृत्त्यांत केलेल्या सुधारणा आणि १८८१ मधील त्यांची ‘पूरणिका’ हा सारा व्यवहार म्हणजे त्या मापाशी मराठीने घातलेला दीर्घ वाद आहे.

दुसरे माप आपल्याकडे होते ते संस्कृत व्याकरणाचे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत पाचव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात तुलनेचे प्रत्यय सांगितले आहेत. दोहोंतील सरसपणा दाखवावयाचा तर ‘तर’ आणि ‘ईयस्’, अनेकांतील दाखवावयाचा तर ‘तम’ आणि ‘इष्ठ’. ‘लघुतर’, ‘लघुतम’, ‘कनीयस्’, ‘कनिष्ठ’ ही त्यांची रूपे. वरवर पाहता हा इंग्रजी शिडीचाच संस्कृत अवतार वाटतो, आणि एकोणिसाव्या शतकातील पंडितांनाही तसे वाटले असल्यास नवल नाही. पण पाणिनीच्या व्याकरणात ‘विशेषण’ ही वेगळी शब्दजात नाही. त्यामुळे हे प्रत्यय केवळ गुणवाचक शब्दांपुरते थांबत नाहीत. टीकाकारांनी दिलेले एक उदाहरण मोठे गमतीचे आहे : जो गाडी ओढतो तो बैल, पण जो गाडीही ओढतो आणि नांगरही ओढतो तो ‘गोतर’, म्हणजे अधिक बैल. क्रियापदालाही हा प्रत्यय लागतो. ‘पचतितराम्’ म्हणजे अधिक चांगला स्वयंपाक करतो. तीन रकान्यांच्या तक्त्यात ही रूपे कोठे मांडणार?

त्याहून महत्त्वाची गोष्ट विभक्तीची. दोन वस्तू परस्परांहून सर्वस्वी भिन्न असतील आणि एकीला दुसरीहून सरस म्हणावयाचे असेल, तर पाणिनी दुसरीला पंचमी सांगतो : मथुरेचे लोक पाटलिपुत्राच्या लोकांहून श्रीमंत. पण एखाद्या समूहातूनच एकाची निवड करावयाची असेल, तर त्या समूहाला षष्ठी किंवा सप्तमी येते : गायींत काळी गाय अधिक दूध देणारी. पहिल्या वाक्यात मथुरेचे लोक पाटलिपुत्रात मोडत नाहीत. दुसऱ्यात काळी गाय गायींतलीच एक आहे. तुलनेचे हे दोन प्रकार वेगळे आहेत हे विशेषणाच्या रूपावरून तर कळतेच, पण विभक्तीवरूनही कळते.

आता मराठीने या वारशातून काय घेतले ते पाहू. ‘तर’ आणि ‘तम’ हे प्रत्यय मराठीत जिवंत राहिले नाहीत. ‘मोठतर’, ‘चांगलतम’ असे कोणी म्हणत नाही. ते आले ते तयार संस्कृत शब्दांबरोबर : गणितातील लघुतम साधारण विभाज्य आणि महत्तम साधारण विभाजक, निबंधातील उच्चतम आणि निकृष्टतम. बरे, ‘ज्येष्ठ’, ‘कनिष्ठ’, ‘श्रेष्ठ’ ही मुळातली अतिशयदर्शक रूपे मराठीत साधी विशेषणे होऊन बसली. म्हणून तर आपण ‘त्याच्यापेक्षा ज्येष्ठ’ असे निःशंकपणे म्हणतो. विभक्तीचा भेद मात्र मराठीने अक्षत राखला. ‘याहून तो बरा’ येथे पंचमी आहे. ‘सर्वांत तो बरा’ येथे सप्तमी. गावाहून येणारा माणूस ज्या ‘हून’ने निघतो त्याच ‘हून’ने एक वस्तू दुसरीच्या पुढे जाते. ज्याच्याशी तुलना करावयाची ते निघण्याचे ठिकाण, आणि अंतर तेथून मोजावयाचे. जुन्या मराठीत, ज्ञानेश्वरीत, हाच प्रत्यय ‘हूनि’ या रूपाने तुलनेसाठी वापरलेला दिसतो.

आज सर्वांत रुळलेला ‘पेक्षा’ हा शब्द ‘अपेक्षा’ या नामाचा अवशेष आहे. संस्कृतात ‘तदपेक्षया’ म्हणजे ‘त्याच्या अपेक्षेने’, त्याच्याकडे पाहता. या शब्दात ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे हा धातू आहे. ‘सापेक्ष’ हा शब्दही त्याच कुळातला. ‘त्याच्यापेक्षा’ या रूपात ‘त्याच्या’ हे षष्ठीचे सामान्यरूप का टिकून आहे, याचे उत्तरही येथेच मिळते : पुढे एके काळी नाम होते. तिसरा शब्द ‘परीस’. प्रमाण लेखनातून तो मागे पडला, पण वऱ्हाडी बोलीत आणि एकूणच ग्रामीण मराठीत ‘परीस’, ‘परस’ अशा रूपांनी तो अजून ऐकू येतो. याखेरीज ‘च्या मानाने’, ‘च्या पुढे’, ‘इतका’, ‘एवढा’, आणि ‘मोठ्यात मोठा’, ‘चांगल्यात चांगला’ अशी द्विरुक्तीही आहे. ही सगळी साधने मांडून पाहिली तर विशेषणाला हात लावणारे त्यांत एकही नाही.

असे असूनही मराठी व्याकरणाच्या पुस्तकांत काय झाले? शब्दयोगी अव्ययांच्या अर्थानुसार केलेल्या यादीत ‘तुलनावाचक’ असा एक गट असतो, आणि त्यात ‘पेक्षा, तर, तम, मध्ये, परीस’ हे शब्द एका ओळीत दिलेले असतात. स्पर्धापरीक्षांचे विद्यार्थी आजही ही ओळ पाठ करतात. ‘पेक्षा’ आणि ‘परीस’ नामाला जोडून येतात : दगडापेक्षा, दगडापरीस. ‘तर’ आणि ‘तम’ हे मात्र गुणवाचक शब्दाला लागणारे संस्कृत प्रत्यय आहेत. मराठीत ‘दगडतर’ असे काही होत नाही. ज्या जागी ‘पेक्षा’ बसतो त्या जागी ‘तर’ कधीच बसत नाही, तरीही दोघे एका रांगेत का? आमच्या मते याचे कारण ती शिडी होय. तुलनेचे म्हणून जे जे दिसेल ते एका ठिकाणी गोळा करावयाचे, आणि ते वाक्यात कोणाच्या अंगाला लागते हे पाहावयाचे नाही, असा हा प्रकार आहे. भाषेने दोन वेगळ्या दारांनी आणलेल्या वस्तू व्याकरणाने एका कपाटात कोंबल्या.

या संदर्भात नागपूरच्या वाचकांना मोरो केशव दामले यांची आठवण व्हावी. केशवसुतांचे हे धाकटे बंधू. जन्म १८६८ चा. उज्जैनच्या माधव कॉलेजात अध्यापन केल्यावर आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी नागपुरात शिक्षक म्हणून काढली, आणि १९१३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे कृ. श्री. अर्जुनवाडकरांनी १९७० मध्ये ते संपादून पुन्हा उपलब्ध करून दिले. दामल्यांचे मोठेपण त्यांच्या रीतीत आहे. आधीच्या व्याकरणकारांची मते समोर ठेवावयाची, इंग्रजी आणि संस्कृत या दोन्ही मापांची मराठीशी पडताळणी करावयाची, आणि मग निर्णय द्यावयाचा. त्यांचे प्रत्येक निर्णय आज पटतीलच असे नाही. परंतु मराठीला कोणत्या मापाने मोजावे हा प्रश्न त्यांनी उघडपणे चर्चेला घेतला, आणि हे काम करणारा माणूस याच शहरात शाळेच्या फळ्यापुढे उभा होता, ही गोष्ट आम्हां मराठीच्या शिक्षकांना धीर देणारी आहे.

इंग्रजीची रीत ही जगाची रीत आहे, असा एक समज शाळेपासून आपल्या मनात घर करून असतो. येथे आधुनिक भाषाविज्ञान मदतीला येते. डच अभ्यासक लिओन स्टासेन यांनी १९८५ मध्ये तुलनेच्या रचनांवर एक ग्रंथ लिहिला, आणि पुढे जगातील भाषांच्या रचनांचा जो नकाशासंग्रह २००५ मध्ये प्रसिद्ध झाला त्यात १६७ भाषांची याच दृष्टीने वर्गवारी केली. त्यात इंग्रजीच्या ‘दॅन’सारखा स्वतंत्र निपात वापरणाऱ्या भाषा केवळ २२ भरल्या, आणि त्या मुख्यतः युरोपात एकवटलेल्या आहेत. ‘पासून’, ‘कडे’, ‘वर’ अशा स्थलवाचक साधनांनी तुलना करणाऱ्या भाषा ७८ आहेत. मराठीचा ‘हून’ आणि हिंदीचा ‘से’ याच मोठ्या कुळातले आहेत. जपानी आणि तुर्की या भाषाही तुलना करताना ‘पासून’ या अर्थाचेच रूप वापरतात. तेव्हा जगाच्या दृष्टीने पाहता अपवाद कोण आणि सामान्य कोण, याचा निवाडा शाळेतल्या तक्त्याच्या उलट लागतो.

खुद्द इंग्रजीचा इतिहासही त्या तक्त्याइतका गुळगुळीत नाही. ‘दॅन’ आणि ‘देन’ हे मुळात एकाच शब्दाचे दोन उच्चार. लेखनात ते पक्के वेगळे झाले ते सतराव्या-अठराव्या शतकाच्या सुमारास. ‘सीनियर’, ‘जूनियर’, ‘सुपीरियर’ हे शब्द लॅटिनमधून तुलनादर्शक रूपातच आले, म्हणून त्यांच्यापुढे ‘दॅन’ न येता ‘टू’ येतो. शेक्सपिअरच्या ‘ज्यूलियस सीझर’मध्ये अँटनीच्या तोंडी दुहेरी अतिशयदर्शक रूप आहे, आणि त्या काळच्या इंग्रजीत त्यात काही वावगे नव्हते. अशा दुहेरी रूपांना दोष देणारे लोथ बायबलातील स्तोत्रांच्या जुन्या भाषांतरातील अशा एका रूपापुढे मात्र नमतात. परमेश्वराच्या बाबतीत ते शोभते असे ते म्हणतात. आपल्याकडे शुक्ल यजुर्वेदाच्या पहिल्याच मंत्रात ‘श्रेष्ठतम’ हे रूप आहे. ‘श्रेष्ठ’ म्हणजेच सर्वांत चांगले, आणि त्यावर पुन्हा ‘तम’! बोलणाऱ्याला जोर द्यावयाचा असतो तेव्हा शिडी संपल्यावरही तो एक पायरी चढतो. मंत्रद्रष्ट्यांना आणि शेक्सपिअरला जे मोकळे होते ते पुढे व्याकरणकारांनी शाळकरी मुलांसाठी बंद केले.

हे सांगण्याचे कारण आहे. विदर्भातील मराठी माध्यमातून आलेली मुले महाविद्यालयात आणि पुढे मुलाखतींत इंग्रजी बोलतात, तेव्हा त्यांच्या दोन चुकांना फार हसतात. एक, ‘मोअर बेटर’. दुसरी, ‘ही इज टॉल दॅन मी’. पहिलीत विशेषणाला दुहेरी खूण आहे, दुसरीत एकही नाही. चुका परस्परविरुद्ध दिसतात, पण मूळ एकच. मराठी मुलाच्या भाषेत विशेषण तुलनेसाठी बदलत नाही. ‘दॅन’ आला म्हणजे ‘पेक्षा’ आला आणि काम झाले; मग ‘टॉल’ला शेपूट कशाला? आणि ‘बेटर’ हे ‘गुड’चे रूप आहे हे त्याला आतून जाणवत नाही. मराठी बोलण्यात ‘बेटर’ एक साधे विशेषण होऊन शिरले आहे, ‘त्यापेक्षा हे बेटर’ असे आपण सहज म्हणतो. मग ‘जास्त चांगले’ या धर्तीवर ‘मोअर बेटर’ हे ओघानेच आले. ही मुले व्याकरणशून्य नाहीत. त्यांच्याजवळ एक पक्के व्याकरण आहे, आणि ते इंग्रजीच्या व्याकरणाहून वेगळे आहे. हा वेगळेपणा वर्गात पाच मिनिटे फळ्यावर मांडून दाखविला, तर जी चूक वर्षानुवर्षे लाल शाईने जात नाही ती बहुधा जाईल. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या ‘भाषांतर पाठमाले’वर पिढ्या वाढल्या. तिची गंमतही आपण पुष्कळ केली. पण दोन भाषांची वाक्ये समोरासमोर ठेवण्याची तिची रीत आज आपण जितकी जुनी समजतो तितकी टाकाऊ नाही.

नागपूरला या प्रश्नाची आणखी एक बाजू जवळून दिसते. १९५६ पर्यंत हे शहर हिंदी आणि मराठी अशा दोन भाषांच्या प्रांताची राजधानी होते. डॉ. रघुवीर यांच्या परिभाषानिर्मितीचे मोठे काम त्या काळात येथेच चालले. दोन्ही भाषांना नवे पारिभाषिक शब्द लागत होते, आणि दोघींची आजी एकच, संस्कृत. तरीही दोघींनी तुलनेच्या बाबतीत वेगळी निवड केली. संविधानाच्या हिंदी पाठात ‘उच्चतम न्यायालय’ आहे, मराठी पाठात ‘सर्वोच्च न्यायालय’. हिंदीत ‘उच्चतर माध्यमिक’, मराठीत ‘उच्च माध्यमिक’. हिंदीने ‘तर’, ‘तम’ घेऊन शिडी उभारली. मराठीने ‘तर’ सोडूनच दिला, आणि ‘तम’च्या जागी ‘सर्व’ आणला, म्हणजे सर्वांत उच्च. संस्कृत शब्द घडवितानाही मराठीचे कान ‘सर्वांत’ हेच ऐकत होते, असे म्हणावयास हरकत नाही.

तुलना या शब्दातच तुला, म्हणजे तराजू आहे. तराजूला दोन पारडी असतात. एक रिकामे ठेवून वजन करता येत नाही. मराठीच्या म्हणी याची उत्तम साक्ष देतात. ‘दगडापेक्षा वीट मऊ’ : येथे वीट मऊ आहे असे कोणीच म्हणत नाही. दगड समोर आहे म्हणून तिला तेवढ्यापुरते ते विशेषण मिळाले. ‘वासरांत लंगडी गाय शहाणी’ : शहाणपणाचे शिखर गाठले, पण कोणांत? वासरांत. ‘वासरांत’ ही सप्तमी काढून टाका, आणि उरते ती लंगड्या गायीची निर्भेळ स्तुती! ‘शेरास सव्वाशेर’ या म्हणीत तर विशेषणही नाही, नुसती दोन मापे आहेत, आणि तीही मोजून पावशेराच्या फरकाने. या तिन्ही म्हणींत तुलना करणाऱ्याने आपले दुसरे पारडे उघड दाखविले आहे. इंग्रजी तुलनादर्शक विशेषण एकटे उभे राहू शकते. ‘बेटर स्कूल्स’, ‘हायर एज्युकेशन’ असे म्हटले की कशापेक्षा हे विचारले जात नाही. मराठी वाक्य मात्र ‘कोणापेक्षा?’ या प्रश्नाचे उत्तर दिल्याखेरीज बहुधा पुरे होत नाही.

आणि आता जे बदलत आहे ते येथेच बदलत आहे. ‘मराठीतील सर्वोत्कृष्ट कादंबऱ्यांपैकी एक’, ‘आजच्या सर्वांत महत्त्वाच्या कवींपैकी एक’ ही वाक्ये आता ग्रंथपरीक्षणांत, पुरस्कारांच्या मानपत्रांत आणि प्रबंधांत सर्रास आढळतात. ती इंग्रजी घडणीची आहेत. इंग्रजीत ही घडण खपून जाते, कारण तेथे अतिशयदर्शक रूप अनेकवचनी होऊ शकते. मराठीत ‘सर्वोत्कृष्ट’ म्हणजे सर्वांत उत्कृष्ट, आणि सर्वांत उत्कृष्ट असे एकच असणार. मग ‘पैकी एक’ कशातले? ‘उत्कृष्ट कादंबऱ्यांपैकी एक’ एवढ्याने काम भागते. तीच गोष्ट ‘अधिक सकस’, ‘अधिक समृद्ध’, ‘अधिक प्रगल्भ’ या शब्दांची. दुसऱ्या संग्रहातील कविता अधिक प्रगल्भ आहे, असे आपण लिहितो. पहिल्या संग्रहातील कोणत्या कवितेच्या अपेक्षेने, हे लिहीत नाही. सप्तमीचा अनुस्वार गाळून ‘सर्वात’ लिहिण्याची सवय तर इतकी पसरली आहे की ‘सर्व’ म्हणजे कोण कोण, हा प्रश्न लेखनातूनही दिसेनासा झाला आहे.

हा केवळ शुद्धलेखनाचा किंवा भाषेच्या सोवळेपणाचा प्रश्न असता तर आम्ही तो येथे मांडला नसता. भाषा इतर भाषांकडून घेत असते, आणि मराठीने फार्सीपासून इंग्रजीपर्यंत भरपूर घेतले आहे. ‘अपेक्षे’तून ‘पेक्षा’ घडविणारी भाषा उद्या आणखी काही घडवील. प्रश्न समीक्षेच्या जबाबदारीचा आहे. ‘सर्वोत्कृष्टांपैकी एक’ असे म्हणणारा समीक्षक पुरती स्तुती करतो, पण कोणाशीही तुलना करीत नाही. तो कोणाला खाली बसवीत नाही, म्हणून त्याच्याशी कोणी भांडत नाही. त्याच्या विधानाला आधारही नसतो आणि त्याचे खंडनही होऊ शकत नाही. मेकॉलेने निदान दोन पारड्यांची नावे घेतली होती, म्हणूनच त्याच्या तोलण्यातली लबाडी उघडी पाडता आली. ज्या विधानात दुसरे पारडेच नाही, त्याचे काय करावे?

तौलनिक साहित्याभ्यास हा विषय आता अनेक विद्यापीठांत शिकविला जातो, आणि विद्यार्थी मोठमोठ्या संज्ञा वापरून त्यावर उत्तरे लिहितात. त्यांना सर्वप्रथम एक लहान सवय लावावी असे आम्ही सुचवू. उत्तरपत्रिकेत वा प्रबंधात ‘अधिक’, ‘श्रेष्ठ’, ‘सर्वोत्कृष्ट’ यांपैकी एखादा शब्द आला की त्याच्या डाव्या बाजूला पाहावे, आणि तेथे ‘हून’, ‘पेक्षा’ किंवा ‘त’ लागलेले एखादे नाम आहे की नाही ते तपासावे. नसेल तर ते लिहावे, आणि लिहिता येत नसेल तर ते विशेषण खोडावे. यासाठी कोणताही नवा सिद्धांत शिकावा लागत नाही. दगडापेक्षा वीट मऊ असे म्हणणाऱ्या कोणा अनाम मराठी बाईला वा बाप्याला हे व्याकरण पुरते अवगत होते.